एक चेहरा आणि दहा वैद्य

गेल्या महिन्यांत या पानांतून आपण वृद्धांच्या झोंपेचा विचार केला. या महिन्यांत घरांतील दुसऱ्या टोकाच्या वयाकडे वळूं. तेरा ते अठरा या वर्षांतील कांहीं मुलामुलींच्या चेहऱ्यावर इसब वरचेवर उसळतो. चार-आठ दिवस गाल, पापण्या, ओठांच्या कडा व मान लाल होऊन खाजतात, कातडी सुटते, मग सारें शांत होतें. आणि महिना लोटला नाहीं तोंच पुन्हां तेंच. दुखणें जिवावरचें नव्हे. म्हणूनच कीं काय, त्याविषयीं घरांत विचार थोडा होतो आणि बोलणें मात्र पुष्कळ होतें.

हातापायांवरचा इसब लांब बाह्यांखालीं झांकतां येतो. चेहरा झांकतां येत नाहीं. ज्या वयांत मूल आरशाकडे प्रथमच जगाच्या डोळ्यांनीं पाहूं लागतें, नेमक्या त्याच वयांत त्याचा चेहरा घरांतील, आळींतील व शाळेंतील प्रत्येकाच्या चर्चेचा विषय होऊन बसतो. त्यांतून कुटुंब एकत्र असलें, कीं प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाजवळ एकेक उपाय असतोच. तो प्रेमानेंच सुचविलेला असतो, यांत शंका नाहीं. परंतु हे सारे उपाय एकाच चेहऱ्यावर येऊन पडले म्हणजे काय होतें, याचा विचार क्वचितच होतो. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों: या दुखण्यांत उपचार एकाच्या सल्ल्यानें चालावा, औषध लावणारा हात एकच असावा, आणि तो हात हळूहळू त्या मुलाचा स्वतःचाच व्हावा. बाकीच्या घरानें धीर धरावा आणि शब्द जपून वापरावे.

समजा, घरांत नववीच्या वर्गांत शिकणारी एक मुलगी आहे. सकाळीं आजी म्हणते, "अगं, साय आणि हळद लाव, दोन दिवसांत उतरेल." काकू म्हणतात, "हळदीनं नाहीं जायचं, लिंबू चोळ." आत्याबाई माहेरपणाला आलेल्या असतात. त्या विचारतात, "वहिनी, हिचं रक्त तपासून घेतलंत का? अंगांत उष्णता असणार." काका कपाटांतून मागें कोणाच्या तरी नायट्यासाठीं आणलेली मलमाची नळी शोधून देतात. शेजारच्या बाई दाराशींच थांबून म्हणतात, "बाई बाई, मुलीच्या जातीला असं तोंडावर नको हो!" मुलगी सारें ऐकते, सारें लावून पाहते, आणि आठव्या दिवशीं चेहरा पहिल्याहून अधिक लाल झालेला असतो. मग म्हणावयाचें, "हिला कांहींच लागूं पडत नाहीं!" वस्तुतः तिला एकहि उपाय पुरता मिळालेला नसतो.

प्रथम दुखणें समजून घेऊं. इसबाचे प्रकार अनेक आहेत. मुलांच्या व तरुणांच्या अंगावर वारंवार उठणारा जो प्रकार आहे, त्यास वैद्यकांत 'अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस' म्हणतात. हें नांव १९३३ सालीं अमेरिकेंतील वाइझ व सल्झबर्गर या दोन त्वचारोगतज्ज्ञांनीं सुचविलें. दमा, ठराविक ऋतूंतील शिंका व नाक गळणें, आणि हा इसब, हीं तिन्ही दुखणीं एकाच घराण्यांत पुष्कळदां आढळतात. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराची बांधणी पक्की ठेवणारें फिलॅग्रिन नांवाचें एक प्रथिन आहे. तें तयार करणाऱ्या जनुकांत उणीव असली तर या विकाराकडे शरीराचा कल वाढतो, असें २००६ सालीं सिद्ध झालें. सर्वच रोग्यांत ही उणीव नसते. तथापि मूळ गोष्ट सर्वांत सारखीच. भिंतीचा गिलावा ठिकठिकाणीं सुटला म्हणजे आंतली ओल बाहेर उडून जाते आणि बाहेरची धूळ आंत शिरते. या मुलांच्या त्वचेचें तसेंच होतें. ती कोरडी पडते, साबण, घाम, धूळ, लोकर अशा साध्या गोष्टी तिला बोंचतात, आंत दाह उठतो, खाज सुटते, खाजविल्यानें गिलावा आणखी सुटतो.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे घरांतील तीन समजुती आपोआप गळून पडतात. पहिली, हा रोग स्पर्शानें लागतो ही. तो लागत नाहीं. धाकट्या भावंडांस त्या मुलीजवळ बसूं न देणें, तिचें ताट निराळें ठेवणें, हा निव्वळ अन्याय होय. दुसरी, रक्त अशुद्ध झाल्यामुळें हें होतें ही. रक्त शुद्ध करण्याचीं म्हणून मिळणारीं औषधें त्वचेचा गिलावा दुरुस्त करीत नाहींत. तिसरी समजूत उघड बोलली जात नाहीं, पण सुनेच्या मनास घरें पाडते: हें दुखणें तिच्या माहेराहून आलें, ही. शरीराचा असा कल आईकडून येतो तसाच वडिलांकडूनहि येतो, आणि दोन्ही घरांत कोणासहि नसतांना इसब झालेलीं मुलेंहि पुष्कळ आहेत. दोष कोणाचा हा प्रश्नच येथें गैरलागू आहे.

चेहऱ्यावरचें प्रत्येक लाल पुरळ इसबच असतें असें मात्र नाहीं. तारुण्यपीटिका या वयांत बहुतेकांस येतात. त्यांत काळ्या टोकाचे बारीक खिळे व पू धरलेल्या पुटकुळ्या असतात, आणि खाज फारशी नसते. इसबांत खाज हीच मुख्य खूण. हा भेद न करतां मैत्रिणीची मुरुमांची औषधी जेल इसबाच्या गालावर लावली, तर आगीचा लोळ उठतो. भुवया, नाकाच्या कडा व कानांमागें तेलकट पिवळसर पापुद्रे असले तर तें डोक्यांतील कोंड्याचें भावंड असूं शकतें. त्याचें औषध निराळें. कडा उठलेलें, मध्यें साफ होत जाणारें वाटोळें चट्टें हा बहुधा नायटा. त्यावर इसबाचें मलम लावल्यास तो वरून निवल्यासारखा दिसतो आणि आंतून पसरतो. म्हणून पहिलें निदान डॉक्टरांकडूनच व्हावें. पुढें घरीं सांभाळतां येण्याजोगें पुष्कळ आहे, पण पहिली ओळख अंदाजानें करूं नये.

आणखी एका डागाविषयीं लिहिलें पाहिजे, कारण त्यावरून घरांत सर्वांत मोठा घोर लागतो. अशा मुलांच्या गालांवर कधीं कधीं फिकट, किंचित् खरखरीत, अस्पष्ट कडांचे पांढुरके डाग दिसतात. उन्हाळ्यांत आजूबाजूची कातडी रापली म्हणजे ते अधिकच उठून दिसतात. ते पाहतांच वडील मंडळींच्या तोंडचें पाणी पळतें. कोड आलें, आतां हिचें लग्न कसें जमणार, अशी कुजबूज सुरू होते. हे डाग बहुधा 'पिटिरिअ‍ॅसिस आल्बा' या साध्या विकाराचे, अथवा इसब ओसरल्यावर मागें राहिलेले असतात. त्यांत त्वचेचा रंग कमी झालेला असतो, नाहींसा झालेला नसतो. कांहीं महिन्यांनीं तो बहुधा आपोआप भरून येतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा व स्पष्ट कडांचा असतो. शंका असल्यास डॉक्टर विशिष्ट दिव्याखालीं पाहून सांगूं शकतात. आणि कोड असलें तरी तेंहि स्पर्शानें लागत नाहीं, त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु नसलेल्या कोडाची कुजबूज दाराआडून ऐकणाऱ्या मुलीच्या मनावर जो डाग पडतो, तो कांहीं महिन्यांत भरून येत नाहीं.

आतां आजी व काकू यांच्या उपायांकडे आदरपूर्वक पाहूं. लिंबाचा रस आम्ल आहे. तडकलेल्या त्वचेवर तो झोंबतो, आणि ऊन लागल्यास त्या जागीं भाजल्यासारखे काळे डाग पडूं शकतात. चण्याचें पीठ, मुलतानी माती व उटणें हीं खरखरीत व शोषक असल्यामुळें उरलेला ओलावाहि ओढून घेतात. तुरटीनें कातडी आंवळते. साय तात्पुरती बरी वाटते, पण भेगाळलेल्या कातडीवर दुधासारखा खाद्यपदार्थ वारंवार चोळल्यास त्याच पदार्थाची अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका असतो. हळद स्वयंपाकांत उत्तम. चेहऱ्यावर ती कांहींजणांस सोसते, कांहींजणांस तिनेंच पुरळ उठतें. शुद्ध खोबरेल तेल पुष्कळ मुलांस मानवतें व कोरडेपणा कमी करतें. मात्र कापूर घातलेलें, सुवासिक अथवा औषधी वनस्पतींत उकळलेलें तेल नको. तात्पर्य, घरच्या उपायांपैकीं जे मृदु आहेत ते ठेवावे; जे चोळावयाचे, झोंबणारे अथवा सुवासिक आहेत ते इसबाच्या चेहऱ्यापुरते बाजूस ठेवावे. दिवाळींत अभ्यंग अवश्य व्हावें, पण त्या मुलीच्या तोंडाला उटणें लावण्याचा आग्रह धरूं नये. लग्नघरीं हळद लावतांना आणि रंगपंचमीस रंग टाकतांनाहि तीच सूट तिला असावी, आणि ती मागण्याची पाळी तिच्यावर येऊं नये.

काकांनीं दिलेल्या मलमाच्या नळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या सल्झबर्गरनें रोगाच्या नांवांत भाग घेतला, त्यानेंच विटन या सहकाऱ्यासह १९५२ सालीं हायड्रोकॉर्टिझोन हें स्टेरॉइड त्वचेवर लावून इसब शमतो असें दाखविलें. त्यापूर्वीं डांबराचीं काळीं, वासाचीं मलमें हाच मुख्य आधार होता. योग्य बळाचें स्टेरॉइड, योग्य जागीं, योग्य दिवस लावलें, तर इसबाच्या उसळीवर तें आजहि पहिल्या प्रतीचें औषध आहे. पण चेहऱ्याची, विशेषतः पापणीची त्वचा फार पातळ असते. तळव्यासाठीं दिलेलें जहाल मलम गालावर आठवडेच्या आठवडे लावलें, तर कातडी झिजते, लाल शिरा दिसूं लागतात, मुरुम व लव वाढते, आणि मलम बंद करतांच चेहरा पेटतो. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यांतील दाब वाढण्याचें व मोतीबिंदूचें भय असतें. स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांची एकत्र खिचडी केलेल्या नळ्या, तसेंच गोरेपणासाठीं म्हणून विकलीं जाणारीं स्टेरॉइडयुक्त मलमें, यांनीं आपल्या देशांत असे अनेक चेहरे बिघडविले आहेत. २०१८ सालीं भारत सरकारनें पुष्कळशा स्टेरॉइड-मलमांच्या विक्रीस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली, ती उगीच नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकहि तितकीच सर्रास घडते. 'स्टेरॉइड' हा शब्द ऐकतांच कित्येक आया डॉक्टरांनीं दिलेलें सौम्य मलमहि वाटाण्याएवढें घेऊन साऱ्या तोंडास पुसटसें फांसतात, दुसऱ्या दिवशीं भिऊन सोडून देतात, आणि इसब महिनोन् महिने धुमसत राहतो. रात्रंदिवस खाजविण्यानें त्वचेचें जें नुकसान होतें, तें चार-पांच दिवस नीट लावलेल्या सौम्य औषधानें होत नाहीं. मापासाठीं डॉक्टरांची एक सोपी रीत आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळींतून मलमाची जी रेघ निघते, ती सुमारें अर्धा ग्रॅम भरते. पूर्ण वाढलेल्या माणसाचा सबंध चेहरा व मान यांस अशा अडीच रेघा लागतात. जेथें इसब आहे तेथेंच लावावयाचें असल्यानें प्रत्यक्षांत याहून कमी लागेल. पण किती हें डॉक्टरांस विचारून एकदां बोटावर मोजून घ्यावें, म्हणजे भीतीहि जाते आणि उधळपट्टीहि होत नाहीं.

चेहऱ्यासाठीं स्टेरॉइडखेरीज दुसरा मार्गहि आतां उपलब्ध आहे. जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या एका जंतूपासून १९८४ सालीं टॅक्रोलिमस हें द्रव्य मिळालें; त्याचें मलम इसबासाठीं वापरलें जातें. त्यानें कातडी झिजत नाहीं, म्हणून पापण्या व गाल यांवर तें डॉक्टर पुष्कळदां देतात. पहिले कांहीं दिवस तें झोंबतें, आणि नेमकें त्याच वेळीं घरांतून सल्ला येतो कीं, "अगं, सोसत नाहीं तुला, टाकून दे." झोंबणें बहुधा आठवड्याभरांत कमी होतें, हें आधींच ठाऊक असलें म्हणजे धीर सुटत नाहीं. ज्यांचा इसब या सर्वांनीं आटोक्यांत येत नाहीं, त्यांच्यासाठीं ड्युपिलुमॅबसारखीं इंजेक्शनें आलीं आहेत. अमेरिकेंत त्यास २०१७ सालीं प्रौढांसाठीं व २०१९ सालीं बारा वर्षांवरील मुलांसाठीं मान्यता मिळाली. तीं महाग आहेत व तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं आहेत; पण 'आतां कांहींच उरलें नाहीं' असें कोणत्याहि मुलास वाटूं नये, म्हणून हा उल्लेख.

औषध उसळीपुरतें, ओलावा मात्र बारा महिने. हें सूत्र घरांतील प्रत्येकानें पाठ करावें. आंघोळ कोमट पाण्यानें, पांच-दहा मिनिटांत आटोपावी; कढत पाण्यानें क्षणभर खाज शमते आणि मग दुप्पट उठते. निरोगी त्वचा किंचित् आम्लधर्मी असते आणि साधा साबण बराच अल्कधर्मी, म्हणून चेहऱ्यास साबण न लावतां बिनवासाचा सौम्य क्लेन्झर वापरावा, किंवा नुसतें पाणी. टॉवेलानें घांसूं नये, टिपावें. आणि कातडी ओलसर असतांनाच, दोन-तीन मिनिटांच्या आंत, बिनवासाचें मॉइश्चरायझर लावावें. पांढरी पेट्रोलियम जेली ही स्वस्त व गुणी वस्तु आहे. ती तेलकट वाटते म्हणून शाळेच्या वेळीं पातळ क्रीम व रात्रीं जेली, अशी वांटणी पुष्कळांस सोईची होते. दिवसांतून दोनदां तरी हें व्हावें, चेहरा साफ दिसत असला तरीहि व्हावें. बहुतेक घरांत चेहरा साफ झाला कीं डबी फडताळांत जाते, आणि पुढच्या उसळीचें बीज तेथेंच पडतें.

खाज सुटली असतां "खाजवूं नको!" असें ओरडणें व्यर्थ आहे, तें भुकेल्यास "भूक लावून घेऊं नको" म्हणण्यासारखें होय. हातांस दुसरें कांहीं काम द्यावें. थंड पाण्यांत बुडवून पिळलेला मऊ सुती कपडा गालावर दहा मिनिटें ठेवावा. खाजविण्याऐवजीं तळव्यानें हलकेंच दाबावें. नखें आखूड ठेवावीं. रात्रीं खाज वाढते व झोंप मोडते, आणि झोंप मोडली कीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत लक्ष लागत नाहीं. अशा मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं तें रात्रीं किती वेळां जागें झालें, हें एकदां विचारावें. परीक्षेच्या सुमारास इसब वाढतो हाहि अनुभव सार्वत्रिक आहे. त्या काळांत अभ्यासाचा धाक थोडा सैल आणि झोंपेचा नियम थोडा कडक असावा.

उसळी कशानें येते, याचें टिपण मुलानेंच ठेवावें. प्रत्येकाचें कारण निराळें असतें आणि गांवागांवानुसारहि तें बदलतें. मुंबईंत व कोंकणांत घाम बाधतो. पुण्याकडे व देशावर थंडीची कोरडी हवा. पुण्यांत दुचाकीवर मागें बसतांना मुली स्कार्फानें तोंड गुंडाळतात. तो सुती असावा व रोज धुतलेला असावा, नाहीं तर कालची धूळ व घाम आज पुन्हां गालावर चोळला जातो. मिसरूड फुटूं लागलेल्या मुलानें उसळी असतां वस्तरा टाळून नुसती कात्री किंवा यंत्र वापरावें, आणि न्हाव्याकडे तुरटी व सुवासिक पाणी नको म्हणून सांगावें. कपाळावर नेमक्या एका जागींच पुरळ येत असेल, तर टिकलीचा डिंक किंवा कुंकवांतील रंग यांचा संशय घ्यावा. आपल्या मुलखाशीं निगडित असें आणखी एक कारण आहे: गाजर गवत. या परदेशी गवताची भारतांतील शास्त्रीय नोंद १९५६ सालीं पुण्यांत झाली, आणि त्यामुळें होणाऱ्या त्वचादाहाचें वर्णनहि १९७० च्या दशकांत पुण्याच्याच रोग्यांवरून प्रसिद्ध झालें. त्याचे सूक्ष्म कण हवेंतून येऊन चेहरा, पापण्या व मान यांवर बसतात. हा त्रास मोठ्या माणसांत अधिक. तथापि मैदानावर खेळून आल्यावर वा पावसाळ्यानंतर चेहरा व मान हटकून वाढत असतील, तर डॉक्टरांस सांगावें. अशा संशयाची परीक्षा पाठीवर पट्ट्या लावून करतां येते. तिला पॅच टेस्ट म्हणतात.

खाण्याविषयीं घरांत सर्वांत अधिक मतभेद होतात. वांगें बंद, दहीं बंद, आंबट बंद, अखेरीस दूधहि बंद. आणि वाढीच्या वयांतील मूल वरण-भातावर राहतें. एखादा पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, तर तो पदार्थ टाळून डॉक्टरांस दाखवावें. परंतु अशी खूण नसतांना एकामागून एक पदार्थ तोडीत गेल्यानें इसब क्वचितच हटतो. अशक्तपणा मात्र हटकून येतो. शिवाय पंक्तींत एकट्या मुलीच्या पानावरून पदार्थ उचलला जाणें, ही तिच्या दृष्टीनें आणखी एक शिक्षाच असते.

कांहीं लक्षणें मात्र घरीं ठेवूं नयेत. पिवळट खपल्या धरून पाणी सुटूं लागलें, दुखूं लागलें, ताप आला, तर जंतूंचा संसर्ग झाला असें समजावें व लगेच डॉक्टरांकडे जावें. एकाएकीं सारख्या आकाराच्या बारीक फोडांचे अथवा खड्ड्यांसारख्या व्रणांचे दुखरे पुंजके उठले, विशेषतः डोळ्यांजवळ, तर तो हर्पिसचा संसर्ग असूं शकतो. त्यांत त्याच दिवशीं रुग्णालय गांठलें पाहिजे. मोठ्या माणसाच्या ओठावर तापाचा फोड असतांना त्यानें इसब असलेल्या मुलाच्या गालाचा मुका घेऊं नये, तें याचसाठीं.

आतां शेवटचा व आमच्या मतें मुख्य मुद्दा. दुखणें त्वचेचें असलें, तरी तेराव्या-चौदाव्या वर्षीं तें मनांत खोल जातें. मुलगा छायाचित्राच्या वेळीं मागें सरकूं लागतो. मुलगी लग्नकार्यास यावयाचें टाळते, "मला अभ्यास आहे" म्हणते. घर तें खरें मानतें, कारण मानणें सोईचें असतें. अशा वेळीं आईनें अथवा ज्या कोणाशीं त्या मुलाचें मोकळेपणें जमतें त्यानें, एकांतांत, एकदांच, सरळ विचारावें: "चेहऱ्यामुळें जावंसं वाटत नाहीं का रे?" उत्तर मिळालें तर ऐकून घ्यावें, लगेच उपाय सांगूं नये. "सुंदर दिसण्यांत काय आहे" असा उपदेश तर मुळींच करूं नये. ज्याचा चेहरा भाजतो आहे त्यास तो सौंदर्याचा प्रश्न वाटत नसतो. शाळेंत कोणी चिडवीत असेल तर वर्गशिक्षकांस भेटावें, पण मुलास विचारून. आणि त्यास एक छोटेंसें उत्तर तयार करून द्यावें: "हा इसब आहे, कोणाला लागत नाहीं, औषध चालू आहे." हें वाक्य न अडखळतां बोलतां आलें, कीं अर्धे प्रश्न तेथेंच थांबतात. तरीहि मूल उदास राहूं लागलें, खाणें, खेळ व मित्र यांतून त्याचें मन उठलें, तर तें इसबाचें गौण अंग न मानतां डॉक्टरांस तेवढ्याच तातडीनें सांगावें.

एकत्र कुटुंबाचें बळ येथें खरोखर उपयोगी पडूं शकतें; फक्त तें दुसऱ्या कामास लावावयास हवें. आजीनें औषध सुचविण्याऐवजीं रात्रीं खाजेनें जागें झालेल्या नातीच्या गालावर ओला कपडा धरावा. तें काम तिच्याइतक्या मायेनें कोणी करणार नाहीं. काकूंनीं पाहुण्यांचे प्रश्न दाराशींच अडवावे, "डॉक्टरांचं चालू आहे हो, तुम्ही बसा, चहा घ्या." काकांनीं कपाटांतील जुन्या नळ्या टाकून द्याव्या. वडिलांनीं डॉक्टरांकडे जातांना मुलीस बरोबर बसवून बोलूं द्यावें. तिच्या वतीनें सारें आपणच सांगूं नये. डॉक्टरांनीं सांगितलेला क्रम, रोज काय लावावयाचें, उसळींत काय, किती दिवस, आणि केव्हां फोन करावयाचा, हा एका कागदावर तिच्याच अक्षरांत लिहून तिच्याच कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा. आरंभीं आईनें रोज विचारावें, मग आठवड्यानें, मग तिनें मागितल्यासच. पुढें शिक्षणासाठीं ती वसतिगृहांत राहूं लागेल, तेव्हां तिच्याबरोबर आजी नसेल, काकूहि नसतील. तो कागद व ती संवय असेल.

पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर सौम्य होत जातो, कांहींचा मोठेपणींहि अधूनमधून डोकावतो. कोणाचा कोणत्या वाटेनें जाईल हें आज सांगतां येत नाहीं, म्हणून "बारावीपर्यंत जाईल" अशी तारीख मुलास कोणीं देऊं नये. आजची उसळी कशी शमवावी आणि उद्यांची कशी लांबवावी, एवढें त्यास शिकवितां येतें, आणि तें पुरेसें आहे.

पुढील महिन्यांत पावसाळ्यांत पिण्याचें पाणी घरीं कसें निर्धोक ठेवावें, याविषयीं लिहूं.